जुन्या पायावर नवी आरामशीन : एका फिटरने उभारलेल्या कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थांना नागपूरच्या लाकूड बाजारात सगळे 'मिस्त्री' म्हणूनच ओळखतात, त्यामुळे येथेही तेच संबोधन वापरले आहे. ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, गावे आणि व्यवहार यांचे काही तपशील बदलले आहेत.

मिस्त्रींचे वडील चंद्रपूर जिल्ह्यातील एका लाकूड डेपोत हमाली करत. हर्रासाच्या दिवसांत लहानगा मिस्त्री ओंडक्यांवर हातोड्याने उमटवलेले शिक्के वाचून मुनीमाला सांगत असे, आणि त्या वयातच घेर व लांबी पाहून घनफूट किती भरेल याचा अंदाज त्याला येऊ लागला होता. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते लकडगंजातील एका आरा गिरणीत लागले. मालक कच्छी पटेल होते. सीपी साग, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातील जंगलांचा साग, हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता.

ज्यांनी आरामशीन जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. जमिनीखालच्या खड्ड्यात एक आणि वर एक अशी दोन मोठी बिडाची चाके असतात, त्यांवरून दातेरी पोलादी पट्टा सतत फिरतो, आणि रुळांवरच्या ट्रॉलीवर बांधलेला ओंडका त्या पट्ट्यावर नेला जातो. चाके ३६, ४२ किंवा ४८ इंची असतात, आणि पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांशाच्या आसपास ठेवावी असा जुना ठोकताळा आहे. त्याहून जाड पट्टा प्रत्येक फेऱ्यात वाकून वाकून दातांच्या खळग्यात चिरतो. सागात वाळूचा, म्हणजे सिलिकेचा अंश असल्याने दात लवकर बोथट होतात. त्यामुळे दर काही तासांनी पट्टा उतरवायचा, दातांना धार लावायची, दात आलटूनपालटून वळवायचे, चीर गेली असेल तर तेवढा भाग कापून पट्टा पुन्हा झाळायचा आणि ताण देऊन चढवायचा, हे काम अखंड चालते. मिस्त्री हे काम शिकले आणि सहा-सात वर्षांत त्या गिरणीच्या पट्टाखात्याचे प्रमुख झाले.

मूळ अडचण

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलांच्या संरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात अंतरिम आदेश दिला. केंद्राच्या मंजुरीशिवाय वनक्षेत्रात चाललेली वनेतर कामे थांबली, त्यात आरा गिरण्याही होत्या, आणि सरकारी जंगलांतील तोड मंजूर कार्य आयोजनेपुरती, म्हणजे वन विभागाच्या आराखड्यापुरती, मर्यादित झाली. मिस्त्रींची गिरणी शहरात होती, तिला टाळे लागले नाही. पण डेपोंतून येणारा माल घटला, दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि पट्टाखात्यातील चारांपैकी दोन माणसांना घरी बसावे लागले. मिस्त्रींना ठेवले गेले, मात्र पगार निम्मा झाला. त्या वेळी घरी पत्नी, दोन मुले आणि डेपोच्या कामातून पाठ मोडून परतलेले वडील होते.

पहिला निर्णय : नोकरी, स्थलांतर की फिरती

त्यांच्यासमोर तीन मार्ग होते. निम्म्या पगारावर टिकून राहणे हा पहिला. दुसरा मार्ग शेठनीच सुचवला होता. कांडला बंदरात आयात लाकूड उतरू लागले होते, गांधीधामला त्यांच्या नातलगांच्या गिरण्या वाढत होत्या आणि पट्ट्याचा जाणता माणूस तिथे हवा होता. तिसरा मार्ग म्हणजे हत्यारांची पेटी घेऊन गावोगावच्या गिरण्यांची दुरुस्ती करत फिरणे.

गांधीधामचा पगार चांगला होता. तरीही मिस्त्रींनी तो नाकारला, कारण वडिलांना तिकडे नेणे शक्य नव्हते. या निर्णयामागे व्यवसायाची दूरदृष्टी होती असे आता अनेक जण सांगतात. स्वतः मिस्त्री तसे म्हणत नाहीत, आणि मलाही तसे वाटत नाही. त्यांनी एक जुनी लुना घेतली, मागे पेटी बांधली आणि भंडारा, गोंदिया, वर्धा, परतवाडा अशी फिरती सुरू केली.

त्यांची पुढची सगळी वाटचाल एका सवयीतून निघाली. प्रत्येक गिरणीत दुरुस्ती झाल्यावर ते एका जाड वहीत नोंद करत: मशीन कोणत्या मापाचे, काय बिघडले, का बिघडले, कोणता भाग बदलला. आयटीआयमधल्या निदेशकांनी लावलेली ही शिस्त होती. जोडीला ते पायाच्या बोल्टांमधील अंतरे, खड्ड्याची खोली आणि रुळांपासून पट्ट्यापर्यंतचे अंतरही टिपून ठेवत. ही मापे कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की मालक पुढच्या वेळी फोनवर सुटा भाग मागेल तेव्हा माप घ्यायला पुन्हा जावे लागू नये, एवढाच हेतू होता. आठ वर्षांत अशा तीन वह्या भरल्या.

वह्या चाळल्या तर एक गोष्ट ठळक दिसते. गिरणीवाले पट्ट्याला दोष देत असत, पण बहुतेक बिघाडांचे मूळ चाकात होते. चाकाच्या धावेवर, म्हणजे पट्टा ज्यावरून फिरतो त्या बाहेरच्या कडेवर, जो किंचित उठाव ठेवलेला असतो, ज्याला कारागीर 'क्राउन' म्हणतात, तो घासून सपाट झाला की पट्टा चाकावर जागा सोडतो, काप वाकडा जातो, मग ऑपरेटर ताण वाढवतो आणि पट्टा तुटतो. नवा पट्टा आणला तरी महिनाभरात पुन्हा तेच. त्याखालोखाल बिघाड बेअरिंगचे होते, आणि त्यांचे कारण जवळजवळ नेहमी आत शिरलेला भुसा हेच होते.

दुसरा निर्णय : दुरुस्तीवाला राहावे की यंत्र बनवावे

२००५च्या सुमारास जुन्या शेठनी त्यांना बोलावले. शेठचे म्हणणे साधे होते: "तू दुसऱ्यांची मशिनं किती दिवस जोडत बसणार? माझ्यासाठी एक बनव. अर्धे पैसे आज घे."

"शेठ, मी फिटर आहे, कारखानदार नाही," असे मिस्त्री म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांनी पत्नीशी बोलून हिशेब मांडला. पर्याय चार होते. पंजाब किंवा हरियाणातील एखाद्या यंत्रनिर्मात्याची विदर्भातील एजन्सी घेता आली असती. त्यात भांडवल कमी लागते, पण यंत्राच्या दोषांची जबाबदारी आपल्यावर आणि दुरुस्त करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, ही अडचण होती. जुनी यंत्रे विकत घेऊन नव्यासारखी करून विकणे हा दुसरा पर्याय. फक्त चाके बनवणे हा तिसरा, आणि वह्यांतील नोंदी पाहता माझ्या मते तोच सर्वांत शहाणपणाचा होता, कारण बिघाड तिथेच होता आणि गिऱ्हाईक आधीच तयार होते. चौथा पर्याय पूर्ण यंत्राचा.

त्यांनी चौथा निवडला. शेठची आगाऊ रक्कम, पत्नीचे गहाण ठेवलेले सोने आणि भाड्याचा एक पत्र्याचा गाळा, एवढ्यावर काम सुरू झाले. लेथचे मोठे काम बाहेर करून घेतले, बिडाची चाके एका ओतशाळेतून आणली, जोडणी स्वतः केली.

पहिले यंत्र आणि पहिला फटका

४२ इंची ते यंत्र शेठच्या गिरणीत बसले आणि तीन आठवडे उत्तम चालले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी खालच्या चाकातून ठोका ऐकू येऊ लागला, दुपारपर्यंत सगळी चौकट थरथरू लागली आणि फळ्यांवर लाटा उमटू लागल्या. मिस्त्रींनी यंत्र थांबवून चाक हाताने फिरवले. धावेच्या आतल्या बाजूला बोट फिरवताना त्यांना एका जागी पोकळी लागली. ओतकामात तिथे हवेचा फुगा राहिला होता, ओतशाळेने त्यात शिसे ओतून वजन जुळवले होते आणि वर रंग दिला होता. ते शिसे सैल होऊन निखळले होते.

असे शिसे साधारण शंभर ग्रॅमचे असेल असे धरू. ४२ इंची चाक मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल, तर धावेजवळ शंभर ग्रॅमचा फरक पडला की धुऱ्यावर सुमारे २० किलो वजनाइतका झटका प्रत्येक फेऱ्याला बसतो, म्हणजे सेकंदाला दहा वेळा. बेअरिंग आणि पाया हे फार दिवस सोसत नाहीत.

येथे पुन्हा तीन वाटा होत्या. चाकावर नवे वजन जोडून तात्पुरते भागवणे, दोष ओतशाळेचा आहे म्हणून शेठना थांबायला सांगणे, किंवा स्वखर्चाने नवे चाक बसवणे. मिस्त्रींनी तिसरी वाट धरली. त्या यंत्रातला सगळा नफा त्यात गेला, वर थोडे कर्जही झाले. ओतशाळेशी त्यांनी भांडण केले नाही. मात्र त्यानंतर प्रत्येक चाक कातल्यावर रंगवण्यापूर्वी स्वतः हातोडीने ठोकून पाहायचे, पोकळी दिसली तर परत पाठवायचे आणि पुढे बाहेरच्या कार्यशाळेत फिरत्या स्थितीत तोल तपासून घ्यायचा, असा नियम त्यांनी केला. चाकाच्या किमतीत त्यामुळे वाढ झाली, आणि पहिली दोन वर्षे त्यांची यंत्रे इतरांपेक्षा महाग असण्याचे ते एक कारण होते.

परवान्याचा प्रश्न

या प्रकरणातील सर्वांत मोठा पेच मात्र लोखंडाचा नव्हता. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने, वनविषयक प्रकरणांसाठी त्यानेच नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीच्या परवानगीशिवाय नव्या आरा गिरणीला परवाना देण्यास मनाई केली होती. यंत्र बनवण्यास किंवा विकण्यास बंदी नव्हती, पण ते चालवायला गिऱ्हाइकाकडे परवाना असणे आवश्यक होते, आणि नवा परवाना जवळजवळ मिळतच नव्हता. मिस्त्री ज्या बाजारात उतरले होते त्यातील गिरण्यांची संख्या कायद्यानेच गोठलेली होती. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती; तिचा अर्थ मात्र त्यांनी नीट लावलेला नव्हता.

तिसरे यंत्र त्यांनी एका तालुक्याच्या ठिकाणी विकले. गिऱ्हाइकाने पाव रक्कम दिली, उरलेली हप्त्यांनी द्यायची ठरली. परवान्याबद्दल मिस्त्रींनी विचारले नाही, गिऱ्हाइकाने सांगितले नाही. पाचव्या महिन्यात वन विभागाने ती गिरणी सील केली, यंत्र जप्त झाले आणि हप्ते थांबले. उरलेली रक्कम कधीच मिळाली नाही.

काही महिन्यांतच दुसरा एक गिऱ्हाईक पूर्ण रक्कम रोख द्यायला तयार होऊन आला. परवाना "होऊन जाईल" असे त्याचे म्हणणे होते. गाळ्याचे भाडे थकलेले होते. मिस्त्रींनी रात्रभर विचार करून त्याला नाही म्हटले आणि त्या दिवसापासून मागणीपत्रासोबत परवान्याची प्रत घेतल्याशिवाय काम सुरू करायचे नाही असे ठरवले. त्यांच्या मेहुण्याने याला वेडेपणा म्हटले होते, आणि त्या क्षणी हिशेबाने पाहता मेहुणा चूक नव्हता.

पण या नकारानेच त्यांना योग्य प्रश्नाकडे नेले. नवी गिरणी निघणारच नसेल, तर यंत्र कोण घेणार? ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याचे यंत्र म्हातारे झाले आहे, तोच. तो का घेत नाही? मिस्त्रींनी वह्या पुन्हा उघडल्या आणि ओळखीच्या मालकांना विचारले. पैशाचे कारण फार थोड्यांनी सांगितले. बहुतेकांची भीती पायाची होती. नव्या यंत्राचे बोल्ट जुन्या पायावर जुळत नाहीत, म्हणजे जुना काँक्रीट फोडायचा, नवा ओतायचा आणि तो पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस थांबायचे. महिनाभर गिरणी बंद ठेवायची तर कारागीर दुसरीकडे जातात आणि बांधकामवाल्यांच्या मागण्याही हातच्या जातात.

आणि बोल्टांची मापे तर मिस्त्रींकडे होतीच. आठ वर्षे लुनावर फिरून त्यांनी ती वेगळ्याच कारणासाठी जमवली होती. त्यांनी यंत्राचा तळ बदलला. मुख्य चौकट एकच ठेवून खाली जाड पोलादी पाट बसवायचा, आणि त्या पाटातील छिद्रे त्या-त्या गिरणीच्या जुन्या बोल्टांप्रमाणे पाडायची, अशी रचना केली. शनिवारी जुने यंत्र उतरवले की बुधवारी नव्यावर ओंडका चढतो, असे ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि पहिल्या दोन-तीन ठिकाणी ते खरेही करून दाखवले.

सोबत त्यांनी कापाचा हिशेबही मांडायला सुरुवात केली. जुन्या, डगमगत्या यंत्रावर दात जास्त वळवावे लागतात आणि काप सुमारे तीन मिलिमीटर रुंद जातो. चाके अचूक आणि ताण सारखा असेल, तर तोच काप दोन मिलिमीटरवर आणता येतो. २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या असतील, तर पहिल्या प्रकारात प्रत्येक २८ मिलिमीटरमागे तीन, म्हणजे जवळजवळ पावणेअकरा टक्के लाकूड भुशात जाते. दुसऱ्यात २७ मागे दोन, म्हणजे सुमारे साडेसात टक्के. सागाचा भाव ज्याला पाठ आहे त्या मालकाला पुढचे काही समजावून सांगावे लागत नसे.

वाढ, आणि तिच्यातली गफलत

यानंतर मागणी वाढली. तारणाशिवाय मिळणाऱ्या हमी योजनेतील कर्जातून स्वतःची मोठी लेथ आली, गाळ्याच्या जागी शेड आली आणि बँकेच्या आग्रहामुळे घरचा व धंद्याचा हिशेब वेगळा झाला. तो वेगळा करण्याचे श्रेय पत्नीला आहे. पहिल्या चार वर्षांच्या पावत्या त्यांनी पिठाच्या डब्याशेजारच्या फडताळातून शोधून काढून लावल्या. पैशाच्या अटीही बदलल्या: निम्मी रक्कम मागणीसोबत, चाळीस टक्के यंत्र निघण्यापूर्वी, उरलेली चाचणीनंतर.

तरी एक गोष्ट तशीच राहिली. यंत्र बसवायला, रुळ पट्ट्याला समांतर आणायला आणि पहिला पट्टा चढवायला मिस्त्री स्वतःच जात. एका पावसाळ्यात विषमज्वराने ते दीड महिना अंथरुणाला खिळले. शेडमध्ये तीन यंत्रे तयार उभी होती, पण ती बसवणारे कोणी नव्हते, आणि शेवटचे हप्ते चाचणीवर अडकले होते. त्यांपैकी एका मालकाने मागणी रद्द केली.

बरे झाल्यावर त्यांनी दोन तरुण फिटर सोबत घेतले आणि बसवणीची कृती पहिल्यांदा कागदावर उतरवली. पट्ट्याचा आवाज ऐकून ताण कसा ओळखायचा हे मात्र लिहिता येईना. शेवटी त्यांनी एक काठी दिली: पट्ट्याच्या मध्यभागी ठरावीक वजन टांगायचे आणि तो किती झुकतो ते काठीवरच्या खुणेशी ताडायचे. ती काठी आजही प्रत्येक फिटरच्या पेटीत असते.

संरक्षक झाकणाचा वाद

एका गिरणीत चालू पट्टा तुटला आणि ऑपरेटरच्या हाताला खोल जखम झाली. वरच्या चाकाचे झाकण काढून ठेवलेले होते, कारण पट्टा बदलताना ते प्रत्येक वेळी चार बोल्टांनी उघडावे लागे. मालकाने दोष ऑपरेटरला दिला. मिस्त्रींनी मात्र मान्य केले की दिवसाला तीन-चार वेळा उघडायचे झाकण बोल्टने बंद करायला लावणे हीच रचनेची चूक होती. त्यांनी झाकणाला बिजागरी आणि खटका लावला, आणि झाकण उघडे असल्यास मोटर सुरू होणार नाही असा स्विच बसवला.

वर्षभरात फिटरांना दिसले की काही गिरण्यांत त्या स्विचला तार बांधून तो निकामी केला आहे. आता काय करायचे? तार काढून, समजावून, गप्प राहून दुरुस्ती करायची, की नकार द्यायचा? बऱ्याच घासाघिशीनंतर मिस्त्रींनी असे ठरवले की तार दिसली तर फिटरने दुरुस्तीला हात न लावता परत यावे. त्यात तीन गिऱ्हाईक तुटले. जखमी ऑपरेटर पुढे बरा झाला, पण त्याच्या दोन बोटांची पकड परत आली नाही.

फलित

आज या कारखान्यात वीस-बावीस माणसे काम करतात. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केल्यावर बऱ्याच गिरण्या आयात पाइनकडे वळल्या, तेव्हा सागासाठी बनवलेली यंत्रे ओल्या, राळेच्या लाकडात अडखळू लागली. दातांमधले खळगे भुशाने भरून पट्टा तापत असे. मिस्त्रींच्या मुलाने, जो अभियंता आहे, दातांचे अंतर वाढवून आणि ट्रॉलीचा वेग बदलता येईल अशी मोटर लावून त्यावर उपाय काढला. मिस्त्रींचा त्याला सुरुवातीला विरोध होता. कारखाना नफ्यात आहे, मोठा नाही, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त यंत्रांशी किमतीत तो टिकत नाही. तो टिकतो फक्त चार दिवसांत होणाऱ्या बसवणीवर आणि सुट्या भागांवर.

वेगळे काय करता आले असते

पूर्ण यंत्राऐवजी आधी दोन वर्षे फक्त चाके विकली असती, तर ओतकामाचे दोष लहान खर्चात उघड झाले असते आणि सोने गहाण पडले नसते, हे मिस्त्री आता मान्य करतात. परवान्याचा प्रश्न तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आदेश तेव्हा तीन वर्षांचा जुना होता आणि त्यांच्या रोजच्या बोलण्यात होता. माणसे तयार करण्यास झालेला उशीर मला सर्वांत महाग वाटतो, कारण त्यासाठी पैसा लागत नव्हता, फक्त दुसऱ्याच्या हाताने बसलेले यंत्र आपल्या नावाने चालू द्यायची तयारी लागत होती. यावर मिस्त्रींचे मत वेगळे आहे. पहिल्या दहा यंत्रांत आपण स्वतः गेलो नसतो तर अकरावे विकलेच नसते, असे ते म्हणतात, आणि हा मुद्दा खोडून काढणे मला जमलेले नाही.

जप्त झालेले तिसरे यंत्र पुढे लिलावात निघाले. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने ते भंगाराच्या भावात घेऊन मिस्त्रींना परत देऊ केले होते. मिस्त्री पाहायला गेले, गंजलेल्या खालच्या चाकाला हातोडीने ठोकून आवाज ऐकला, बोल्टांची मापे वहीत लिहून घेतली आणि यंत्र तिथेच ठेवून परत आले.